तारीख महाराज आणि गुलाबावरचा मावा

“महाराज, सोमवारच्या गणिताच्या चाचणीत नेमके कोणते प्रश्न येणार आहेत?”

भरलेलं सभागृह एकदम चिडीचूप झालं. शेवटच्या रांगेत तीन मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळत होत्या. “हिंमत असेल तर विचारून दाखव,” असं त्यांनीच म्हटलं होतं. भिंगरीला असं म्हणणं म्हणजे चालू पंख्याला “फिर” म्हणणं. भिंगरी हे काही तिचं हजेरीतलं नाव नव्हे. पण जिच्या जिभेला आणि पायांना क्षणभर थारा नाही, तिला लोक दुसरं काय म्हणणार?

व्यासपीठावर तारीख महाराज मंद हसले. “बालिके, आम्ही विश्वाचे संकेत पाहतो. त्रिकोण-चौकोन पाहत नाही.”

“पण पुलाचा कठडा पाहिलात ना? तो तर चांगला चौकोनी होता.”

“बस खाली, आगाऊ कुठली!” पुढून एक आजोबा खेकसले.

महाराजांनी हात उंचावला. “रागावू नका. शंका हे बालपणाचं लक्षण आहे. मी तरी कुठे म्हणतो माझ्यावर विश्वास ठेवा? तारखेवर ठेवा!”

मागच्या पडद्यावर गावच्या बातम्यांच्या वेबसाइटचं पान झळकलं. वर ‘वाचकांचा कोपरा’, खाली महाराजांचं नाव, गेल्या महिन्याची तारीख आणि एकच ओळ: ‘नदीवरच्या पुलाचा कठडा कोसळणार. सावध असा.’ कठडा पडला होता त्यानंतर चांगले दोन आठवडे उलटल्यावर.

“तारीख!” महाराज गरजले.

“बघा!” गर्दी गरजली. कुणी हात जोडले, कुणी डोळे पुसले. वर्षभरापूर्वी हेच महाराज पंखे दुरुस्त करायचे आणि दुरुस्त केलेला पंखा कधी बंद पडेल हे त्यांना सांगता यायचं नाही. पण हे आठवायला तिथे कुणाला सवड होती?

भिंगरीला हसू येत होतं, ते शेजारी बसलेल्या आत्याकडे बघून आटलं. आत्याने हात जोडले होते. तिचे डोळे पिवळे पडले होते. पित्ताशयातला खडा नळीत अडकलाय, सोमवारी ऑपरेशन करायचंच, उशीर नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आणि महाराजांनी खासगी भेटीत सांगितलं होतं, “शस्त्राजवळ काळी सावली दिसते. तीन महिने माझं पाणी घ्या.”

“आत्या, अगं, हा माणूस पंखेवाला आहे!” बाहेर आल्यावर भिंगरी म्हणाली.

“आणि तारीख? तुझ्याच आईबाबांची वेबसाइट आहे. तारखेवर ते खोटं छापतात का?”

इथे मात्र भिंगरीची भिंगरी थांबली.

वेबसाइट खरंच घरचीच होती. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बाबा बातम्या लिहायचे आणि आई वाचकांचा कोपरा सांभाळायची. कोण गटार तुंबल्याचा फोटो पाठवी, कोण हरवलेल्या मांजराचा, कोण नातवाच्या पहिल्या दाताचा. आई एकेक वाचून, गाळून, वर चढवी. मग फोन सुरू. “अहो, माझं आडनाव चुकलं!” “अहो, फोटोत मांजर उलटं दिसतंय!” आईच्या एका हातात कालथा आणि एका हातात फोन, असं वर्षभर चाललं. शेवटी बाबांनी शक्कल काढली. जे वाचक नेमाने लिहितात, त्यांच्या नावापुढे हिरवी खूण द्यायची; त्यांनी आपल्या चुका आपण दुरुस्त कराव्यात, आईला विचारायला नको. घरात शांतता नांदू लागली.

हिरवी खूण भिंगरीलाही होती, शाळेच्या खेळांच्या बातम्या पाठवते म्हणून. आणि तारीख महाराजांनाही होती. का? तर ते पंखेवाले असल्यापासून रोज सकाळी एका फुलाचा फोटो टाकून ‘सुप्रभात’ लिहायचे.

रविवारी सकाळी भिंगरीने कठड्याची भविष्यवाणी फोनवर उघडली. मजकूर वाचला, तारीख पाहिली. सभागृहातला पडदा जिथे थांबायचा, तिथे तिचं बोट थांबलं नाही. थांबणं त्या बोटाला माहीतच नव्हतं. ते खाली, वाचकांच्या प्रतिक्रियांवर गेलं.

‘तुम्हालाही सुप्रभात, भाऊ.’

‘अहाहा, काय रंग!’

आणि त्याखाली आत्या: ‘गुलाब सुरेख. पण पानामागे मावा पडलाय. साबणाचं पातळ पाणी फवारा, नाहीतर झाड जाईल.’

आत्याची रोपवाटिका होती. कुणीही फुलाचा फोटो टाकला, की तिने त्यातली कीड शोधलीच म्हणून समजा.

भिंगरी किंचाळत आत पळाली. “आई! पुलाच्या कठड्यावर मावा पडतो का गं?”

आईने पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसली. “मेल्याने रोज फूल टाकलं. गावात काही घडलं, की जुन्या एखाद्या फुलाचं पान उघडायचं, फोटो पुसायचा आणि तिथे भविष्य लिहायचं. तारीख पहिलीच राहते! अगं, ती सोय नावं-आडनावं सुधारायला दिली होती!”

“आणि प्रतिक्रिया?”

“त्या दुसऱ्यांच्या. त्या फक्त मी पुसू शकते.”

बाबांनी चष्मा पुसला, घातला, परत पुसला. “चूक आपली आहे. पण एकदम बोभाटा नको. अर्धं गाव त्याच्यामुळे आपली वेबसाइट उघडतं. एक छोटीशी सूचना देऊ, आठवड्याभरात.”

“बाबा, आत्याचं ऑपरेशन उद्या आहे.”

बाबांनी चष्मा पुन्हा पुसायला काढला, तोवर भिंगरी चपला अडकवून बाहेर पडली होती.

संध्याकाळी सभागृहात कालच्याहून जास्त गर्दी होती. “तारीख!” “बघा!” झालं आणि भिंगरी उभी राहिली.

“महाराज, पान जरा खाली सरकवता?”

“बालिके, खाली मायेचा पसारा आहे.”

“पसारा असू दे, आम्हाला घरी सवय आहे.”

लोक हसले. ध्वनिव्यवस्था आणि पडदा सांभाळणाऱ्या काकांनाही कुतूहल वाटलं असावं. त्यांनी पान खाली ओढलं. पडद्यावर हातभर अक्षरांत आत्याचा मावा उमटला.

महाराज क्षणभर गडबडले, पण बोलण्यात पंखेवाला पक्का. “हीच तर गूढ भाषा! गुलाब म्हणजे पूल. कीड म्हणजे भेग. या माउलीच्या मुखातूनही संकेतच बोलला!”

शेजारी बसलेली आत्या ताडकन उठली. “संकेत? अहो, मावा हिरवा होता, मी डोळ्यांनी पाहिला! साबणाचं पाणी मारा म्हटलं तर तुम्ही ‘आभारी आहे ताई’ लिहिलंत. हे बघा, ते पण इथेच आहे!”

होतं खरं. शेवटची ओळ महाराजांचीच होती.

“आता माझा चमत्कार,” असं म्हणत भिंगरीने फोन काढला, काकांना आपलं एक पान उघडायला सांगितलं. गेल्या महिन्यातली शाळेच्या धावण्याच्या शर्यतीची बातमी. सगळ्यांच्या देखत तिने ‘दुरुस्ती’ दाबलं, दोन ओळी खोडल्या, एक लिहिली. काकांनी पान पुन्हा उघडलं. तारीख तीच, गेल्या महिन्याची. मजकूर: ‘भरसभेत महाराजांच्या घशाला कोरड पडेल.’

महाराजांच्या हातातला पाण्याचा पेला ओठांपाशीच थांबला. सभागृह असं हसलं, की कालच्या खेकसणाऱ्या आजोबांना ठसका लागला.

“त्यांना काही दिसत नाही,” भिंगरी म्हणाली. “आधी घडतं, मग ते लिहितात. तारीख खरी आहे, तिच्याखालचं वाक्य नवं आहे. कुणी पुरावा दाखवला, तर तो दाखवेल तेवढाच बघू नका. पान खाली ओढा. आणि पोटात दुखलं तर डॉक्टरांकडे जा ना हो. एवढंच.”

महाराज मागच्या दाराने गेले. ते दार त्यांना बरोबर दिसलं.

रात्री जेवताना आत्या एकदाच बोलली, “सकाळी किती वाजता निघायचं?” आणि हात धुवायला उठली. बाबांनी मान खाली घातली. मग ते म्हणाले, “सूचना छोटी नाही, मोठी छापली. पहिल्या बातमीच्या जागी. चूक कुणाची, तेही लिहिलं.”

“छान केलंत,” भिंगरी म्हणाली आणि ताट सरकवून उभी राहिली. “आता माझं ऐका. उद्या मी चाचणी बुडवणार. आत्याला आत नेतील, तेव्हा मी बाहेर असणार.”

“आणि गणित?” आईने डोळे वटारले.

“बाईंना खरं कारण सांगेन, त्या परत घेतील. दुसरं. शाळा सुटल्यावर वाचकांचा कोपरा मी बघणार. ज्याने मजकूर बदलला, त्याच्या पानावर ‘बदलला’ असं ठळक दिसेल. हिरवी खूण असली तरी. माझ्या पानावरसुद्धा.”

“अगं, मग परत फोन सुरू होतील! मांजर उलटं, आडनाव चुकलं…”

“होऊ देत. मी उचलेन,” भिंगरी म्हणाली. “आणि हे मी विचारत नाहीये. सांगते आहे.”