वाट बघणारं बोट

ऐक ना, मधे काही विचारू नकोस, आधी नुसतं ऐक. सकाळचे साडेदहा, काचेची खोली, टेबलावर एक कागद, नवीन ॲप बाहेर सोडायच्या परवानगीचा. त्यावर साहेबांची सही झालेली, ॲप लिहिणाऱ्या चष्मेवाल्याची झालेली, आणि तिसऱ्या रकान्यासमोर परत-एकदाबाई बसलेल्या. पेन हातात आहे, पण सही काही करेनात.

आता परत-एकदाबाई म्हणजे कोण, तर त्या कंपनीत बिनवायरच्या हेडफोनचं ॲप बनतं आणि बाई ते तपासतात. काम झालं म्हणून कोणी खुर्ची मागे सरकवली रे सरकवली, की या म्हणणार, परत एकदा करून बघू. म्हणून ते नाव. तोंडावर सगळे ताईच म्हणायचे. वय बेचाळीस, सहा वर्षं कंत्राटावर. दर अकरा महिन्यांनी नवा कागद, आणि तो येईपर्यंत जीव टांगणीला. या खेपेला मात्र साहेबांनी स्वतः सांगितलं होतं, नवीन ॲप वेळेवर बाहेर पडू दे, तुम्हाला कायम करतो. म्हणजे त्या एका सहीत बाईंची नोकरीच अडकलेली म्हण ना.

मग अडलं कुठे? तर आवाजात. तू फोनवर आवाज वाढवायचं बटण दाबलंस की निरोप हवेतून हेडफोनला जातो, हेडफोन आवाज वाढवतो, आणि 'वाढवला बरं का' असा उलटा निरोप धाडतो. एरवी पापणी लवायच्या आत होतं हे सगळं. पण आजूबाजूला पंधरा-वीस फोन असले की निरोप रेंगाळतो. आणि बाईंच्या कानात दोन-तीनदा एकदम धाडकन आवाज आलेला. त्यांनी तक्रार नोंदवली. चष्मेवाल्याने यंत्रावर तपासलं आणि सांगितलं, ताई, असं काही होत नाही. त्यांच्याकडे बटण दाबायला एक रबरी बोट होतं, यंत्राला लावलेलं. दिवसाला दहा हजार वेळा दाबायचं, एकदाही धाडकन नाही. सात वेळा बाईंनी तक्रार उघडली, सात वेळा ती बंद झाली. मग चहाच्या यंत्रापाशी कुजबुज सुरू, ताईंचे कान वाजतात, वय झालं. बाई गुपचूप गेल्या आणि कान तपासून आल्या. डॉक्टरीण म्हणाली, विशीतल्या मुलींचेसुद्धा इतके चांगले नसतात. तो कागद बाईंनी ऑफिसात कोणालाही दाखवला नाही. कशाला दाखवायचा? त्यांचं त्यांना कळलं होतं.

उलगडा झाला घरी, जेवताना. नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. त्या दिवशीच्या नवख्या गिऱ्हाइकाची फजिती सांगत होता.

"चाक फिरवतो, गाडी लगेच वळली नाही म्हणून अजून फिरवतो, अजून फिरवतो, आणि मग वळते ती थेट कुंपणात. म्हटलं, बाबा रे, एकदा फिरव आणि जरा थांब. पण थांबेल तर शपथ."

बाईंचा घास हातातच राहिला.

अगं, कळलं का तुला? यंत्राचं बोट थांबत होतं. एकदा दाबायचं, उलटा निरोप येईस्तोवर गप्प वाट बघायची, मगच पुढचं. इतकं सभ्य बोट जगात कोणाचं असतं? माणूस दाबतो, काही झालं नाही की चरफडतो आणि पाच-सहा वेळा दाबतो. ते सगळे निरोप वाटेत तुंबतात आणि एकदम कानात येऊन आदळतात.

तर आता परत काचेच्या खोलीत ये. साहेब म्हणत होते, यंत्र पास म्हणतंय, तर तुम्हीच का आडव्या येताय? बाई म्हणाल्या, तुम्ही स्वतः हेडफोन लावून एकदा आवाज वाढवून बघा. खोलीत त्यांनी अठरा फोन चालू करून मांडले होते. साहेब कसा माणूस, तर लिफ्ट येईपर्यंत तिचं बटण ठोकत उभा राहणारा. बाईंना ते पक्कं ठाऊक. साहेबांनी दाबलं, काही नाही. भुवई वर गेली, मग टकाटक सहा वेळा. आणि पुढच्या क्षणाला साहेब खुर्चीतून उडाले, हेडफोन टेबलावर. चष्मेवाल्याला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात लपवलं.

कान दुखला नाही हं साहेबांचा. बाईंनी आधी स्वतःच्या कानाला लावून बघितलं होतं आणि एका मर्यादेपलीकडे आवाज जाणारच नाही असं करून ठेवलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या,

"तुमच्या कानाला मी कुलूप लावलं होतं साहेब. गिऱ्हाइकाच्या कानाला कोण लावणार?"

चष्मेवाला तिथेच वहीत लिहायला लागला. तुंबलेले निरोप फेकून द्यायचे, फक्त शेवटचा पाठवायचा. जुन्या निरोपाचं उत्तर उशिरा आलं तर त्याकडे बघायचंच नाही. बटण दाबताच पडद्यावर फिकी रेघ दाखवायची, म्हणजे माणसाला कळेल की मागणी पोचतेय, आणि खरा आवाज आला की ती गडद करायची. किती दिवस? नऊ.

साहेबांनी त्याला बाहेर पाठवलं. माणूस वाईट नव्हता, आवाज खाली आणून बोलला.

"ताई, वेळेवर जाऊ दे. पुढच्या महिन्यात दुरुस्ती गुपचूप टाकू. नाहीतर उशीर कोणामुळे, ते मला वर लिहून द्यावं लागेल, आणि मग तुमचं कायम होणं माझ्या हातात राहणार नाही."

बाईंना मुलीच्या कॉलेजचा प्रवेश आठवला. नवऱ्याची धरलेली पाठ आठवली. सहा वर्षांतले ते टांगणीचे दिवससुद्धा आठवले. मग त्यांनी विचारलं, तो उशिराचा फॉर्म कुठाय? साहेबांनी तो पुढे केला, आणि बाईंनी कारणाच्या रकान्यात आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'उशीर माझ्यामुळे. हा दोष कानाला इजा करू शकतो. दुरुस्त झाल्याशिवाय सोडू नये.' आणि खाली ठसठशीत सही.

दहाव्या दिवशी ॲप बाहेर पडलं. पंधराव्या दिवशी बाईंना पत्र आलं, पुन्हा अकरा महिने. त्यांनी ते घडी घालून ठेवलं, केस कानामागे सारले आणि पुढचा हेडफोन उचलला. मान अशी ताठ, की चष्मेवाला म्हणे उगाचच उठून उभा राहिला.

आज ते ॲप लाखभर लोकांच्या कानात आहे, आणि त्यातल्या एकालाही माहीत नाही की आपल्या कानात काय झालं नाही ते. खरं सांग, त्या खुर्चीत तू काय केलं असतंस?