दोन्ही टोकांना पिना

विकासनं कॉम्प्युटर क्लाससाठी जनरेटर घेतला, ही बातमी हिम्मतरावांना अर्ध्या नारायणगुड्यानं सांगितली. खुद्द पुतण्यानं नाही. पहिला राग त्याचाच. तीस वर्षं गिरणीत वायरमनचं काम केलेला सख्खा काका असताना या शहाण्यानं जोडणी करून घेतली कोणाकडून? न राहवून ते सकाळी अकराला त्याच्या घरी येऊन थडकले.

बाकी गल्लीत करंट होता. खांबावरून विकासकडे येणारी वायर तेवढी कालच्या वाऱ्यानं खांबापाशी तुटली होती, आणि लाइनमन अप्पाराव ती जोडायला शिडी लावत होता. ओसरीत नवा कोरा जनरेटर धडधडत होता. आत पंधरा पोरं कॉम्प्युटरपुढं माना खाली घालून परीक्षा देत होती.

"या काका! बघा, करंट गेला तरी क्लास चालू," विकास म्हणाला. छाती अशी फुगलेली की बटणं तुटायची!

हिम्मतरावांची नजर मात्र जनरेटरच्या वायरीवर गेली. जनरेटरमध्ये खोचलेली वायर खिडकीतून आत गेली होती, आणि आत भिंतीवरच्या नेहमीच्या सॉकेटात खोचली होती. म्हणजे दोन्ही टोकांना पिना! त्यांनी झटकन मीटरच्या फळीकडं पाहिलं. मेन स्विच चालू होता. जनरेटरचा करंट घरात थांबला नव्हता. तो मीटरमधून उलटा बाहेर जाऊन तुटलेल्या वायरीच्या टोकाशी उभा होता. आणि अप्पाराव शिडीच्या वरच्या पायरीवर पोचला होता.

"अरे, हात लावू नको!" ते ओरडले. त्या धडधडाटात कोण ऐकतंय? त्यांनी ओसरीत उडी घेतली आणि जनरेटर बंद केला.

पंधराही पडदे काळे पडले. पोरांनी एकच गलका केला.

"काका, हे काय केलंत? पेपर चालू आहे पोरांचा!"

"खड्ड्यात गेला तुझा पेपर! मेन कुणी चालू केला?"

विकासची बायको रंजना पदराला हात पुसत पुढं आली. "मी केला, काका. सकाळी मिक्सर चालेना. बघते तर मेन बंद. वाटलं, कोणी चुकून खाली केला असेल."

"बघा! मी आठवणीनं रात्रीच बंद केला होता," विकास उसळला. "हिलाच अक्कल नाही."

झालं! हिम्मतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिला सांगितलं होतंस? नाही ना? मग तोंड वर करून बोलतोस कसा? एवढी महागाची कॉम्प्युटरं आणलीस, आणि अफझलगंजच्या बाजारात जाऊन एक चेंजओव्हर स्विच आणायला तुझे पाय मोडले होते? खटका वर केला की बाहेरची लाइन, खाली केला की जनरेटर. दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत. कुणी विसरलं तरी माणूस मरत नाही!"

जनरेटरचा आवाज बंद झाला म्हणून अप्पारावही खाली उतरून आला होता. हिम्मतरावांनी वायर उपटली आणि दोन्ही टोकं त्याच्या नाकासमोर धरली. "बघ बाबा. आज याच्यापायी तुझ्या बायकोचं कुंकू पुसलं असतं. कुण्या गाढवानं बनवलंय हे, सांग मला. त्याची गचांडी धरतो!"

अप्पारावचा चेहरा पांढराफटक पडला. "मैंच बनाके दिया, साब."

हिम्मतरावांनी वर धरलेली वायर खाली आली.

"सब मांगते, तो मैं देतूं. मेन बंद करो बोलके बोलता भी हूं," तो पुटपुटला.

"किती घरांत दिल्यास असल्या वायरी?"

अप्पाराव बोटं मोजायला लागला. डॉक्टरसाब, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरची शिलाईवाली अम्मा... एक हात संपला. दुसऱ्या हाताच्या तिसऱ्या बोटावर तो थांबला आणि त्यानं वर पाहिलं. त्या सगळ्या घरांच्या वायरी याच खांबावर येत होत्या.

विकासची लाइन तशीच तुटकी ठेवून त्यानं शिडी खाली घेतली. मग तरातरा कोपऱ्यावर जाऊन तो शिलाईवालीचं दार दोन्ही हातांनी बडवू लागला.

"अम्मा! मेरा वायर वापस देओ!"