उलट्या बटणाचा रिव्हर्ब

"फुकटात आलंय ते! काढ आणि टाक एकदाचं!" दादा ओरडला.

"हात लावून बघ," ताई म्हणाली. "बोटं मोडीन."

हे माझ्याबद्दल चाललंय. मित्रांनो, मी एक जुना रिव्हर्ब आहे. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की ती जरा वेळ घुमते ना, ते घुमणं म्हणजे मी. फरक एवढाच की मला खोली लागत नाही. मी कॉम्प्युटरमधला एक छोटासा प्रोग्राम. कोरडा आवाज माझ्यातून सोडा, तुम्ही म्हणाल तेवढ्या खोलीत गायल्यासारखा होऊन बाहेर पडतो. दिसायला म्हणाल तर एक करडी चौकट आणि तीन गोल बटणं. आणि हो, फुकट. ते दादा ऐकवतोच येताजाता.

मला बनवलं एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने. लिफ्टच्या रिकाम्या बोगद्यात उतरला की तो गाणी म्हणायचा. वरचे लोक वैतागून दारं आपटायचे. पाय मोडून घरी बसला, तेव्हा त्याला त्या घुमण्याची आठवण यायला लागली. म्हणून बसल्या बसल्या त्याने मला लिहून काढलं. बायको म्हणाली, "विक तरी!" तर हा म्हणतो, "घुमण्याचे कसले पैसे घ्यायचे?" आणि दिलं मला इंटरनेटवर सोडून.

गडबडीत एक बटण उलटं बसलं. खोलीचं बटण उजवीकडे फिरवलं की खोली मोठी व्हायला पाहिजे, माझ्यात ती लहान होते. लोकांनी शिव्या घातल्या. त्याने बटण सुधारून नवा रिव्हर्ब काढला, तर दुप्पट शिव्या! कारण उलट्या बटणावर बेतलेली सगळ्यांची गाणी बिघडली. "घ्या मग दोन्ही, आणि मला झोपू द्या," म्हणाला तो. तेव्हापासून एक मी आणि एक माझा सरळ बटणाचा धाकटा भाऊ.

काय दिवस होते पण ते! ताईने मला आणलं तेव्हा तिच्याकडे एकच माइक, आणि खोली अशी की पलंग सरकवल्याशिवाय दार उघडत नाही. आवाज भरायला ती माणसाला सरळ कपड्यांच्या कपाटात उभं करायची. शेजारचा न्हावी, तिची मैत्रीण, पेपरवाला, सगळे घाम पुसत बाहेर यायचे, माझ्यातून स्वतःचा आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "हा मी आहे?" तोंडं बघण्यासारखी व्हायची. माझी छाती फुगायची. छाती नाहीये मला, तरी.

एकदा तिने आईलाच कपाटात घातलं. आई कपडे शिवते. मशीन चालवता चालवता स्वतःचंच काहीतरी जुळवून गुणगुणायची. एक कडवं गायली आणि "पुढचं नंतर गं, शिवण पडलंय" म्हणून पळाली. ताईने माझं उलटं बटण हळूहळू फिरवून आईला अशी छोटी खोली दिली, की डोळे मिटले तर आई शेजारीच बसलीय.

ते 'नंतर' आलंच नाही. आईच्या घशाचं ऑपरेशन झालं. आता ती फक्त कुजबुजते.

आणि ताईने ते गाणं पक्कं केलं नाही. पक्कं करायचं म्हणजे आवाज, मी, सगळं मिळून एक फाइल बनवायची. मग माझीही गरज उरत नाही. पण दादाने विषय काढला की ती एकच सांगायची, गाणं अजून अर्धं आहे.

म्हणून आजचं भांडण. कॉम्प्युटर सारखा अडकतो. दादा त्याच्यावर बसस्टँडच्या घोषणा तयार करतो, त्याला आज तो आतून सगळा नवा करून घ्यायचाय. नव्यावर माझ्यासारखे जुने चालत नाहीत. आणि मी जिथे मिळायचो ते इंटरनेटवरचं पान कधीच बंद पडलंय.

"याचंच नवं आहे माझ्याकडे," दादा म्हणाला. "बटणांचे तेच आकडे टाक, झालं."

टाकले. गाणं लावलं. बटण सरळ, त्यामुळे छोट्या खोलीची झाली भलीमोठी गुहा.

दारातून कुजबुज आली, "मी एवढ्या लांबून कुणाला हाका मारतेय रे?"

आई उभी होती. गळ्यात टेप, ओठात टाचणी.

मग दादानेच धाकट्याला काढून मला परत लावलं. आई शेजारी आली. गाण्यातली पण, खरी पण.

"हं," टाचणी काढून ती म्हणाली. "बरी गाते ही बाई."

"आई, पुढच्या कडव्याचे शब्द तरी सांग," ताई म्हणाली. "मी गाते."

"पुढचं नाहीये."

"तू म्हणाली होतीस ना!"

"तू इतक्या आशेने विचारायचीस, मी आपलं नंतर म्हणायचे. एवढंच आहे गं गाणं. कर पक्कं."

ताईने नाक पुसलं आणि पक्कं करायचं बटण दाबलं. दादा म्हणाला, "ऐकत ऐकत होऊ दे. मला घाई नाही."

मित्रांनो, तुमच्याकडे कुणाचा आवाज अर्धवट पडला असेल, तर आहे तेवढाच नीट करून ठेवा. पुढच्या कडव्यासाठी अडून बसू नका. आणि माझ्यासारखं जुनं काही काढून टाकायच्या आधी, त्याच्यातून कोण ऐकू येतंय ते एकदा बघा. फुकटचं म्हणून फेकलं की डोकं फिरतं माझं.

आईचा शेवटचा शब्द संपला. आता मागे जे घुमतंय, तो मी. फार उरलेलो नाही. मला निघायला पाहिजे. निघतो.