ट्रॉयचे चारशे शेअर

कुलूप लाल, मुठीत मावेल एवढं. त्याला लटकवलेल्या चकतीवर फिटरचा फोटो आणि नाव. यंत्रात हात घालण्याआधी फिटरने वीज तोडायची, खटक्यावर आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. खाणीत पहिल्या दिवशी हे शिकवतात, जेवणाची जागा दाखवायच्याही आधी.

*

‘आपण किती तोटा सोसू शकता?’ ब्रोकरच्या संकेतस्थळाने विचारलं. खाली तीन चौकोन होते: थोडा, मध्यम, बराच. नोला ट्रेलोरने ‘मध्यम’वर बोट टेकवलं आणि उठून किटली बंद केली.

*

खाण कंपनीच्या वार्षिक सभेत दारातच कार्ड मिळतं. भागधारकाला पिवळं, पाहुण्याला लाल. पिवळ्या कार्डवाल्याने हात वर केला की त्याच्याकडे माइक येतो. लालवाल्याला चहा मिळतो.

*

ऑस्ट्रेलियात लाभांशासोबत कंपनीने आधीच भरलेल्या कराची सवलतही येते. बोल्स खेळायच्या क्लबातल्या म्हाताऱ्यांना ही सवलत नातवंडांपेक्षा प्रिय. नातवंडं ख्रिसमसला येतात आणि फ्रिज रिकामा करून जातात.

*

“म्हणजे गेले?” नोलाने फोनवर तिसऱ्यांदा विचारलं.

“गेले असं नाही मॅडम, दिले गेले,” पलीकडची मुलगी म्हणाली. “शुक्रवारी समोरच्याने आपला हक्क वापरला. तुमचे चारशेच्या चारशे शेअर ठरलेल्या भावाने त्याच्याकडे गेले. पैसे खात्यात येतील. तुम्हाला नफाच झालाय.”

“मला नफा नकोय, बाळा. शेअर हवेत.”

“मग आज विकत घ्या ना. बाजार उघडाच आहे.”

“आज घेतले तर माझ्या नावावर कधी चढतील?”

“बुधवारी.”

नोलाने फ्रिजवर चुंबकाने चिकटवलेल्या सभेच्या निमंत्रणाकडे पाहिलं. सभा गुरुवारी, पर्थमध्ये. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की मंगळवारी संध्याकाळी ज्यांची नावं भागधारकांच्या यादीत असतील, त्यांनाच बोलता येईल.

“मंगळवारी नाही का चढणार? विनंती केली तर?”

“व्यवहाराला दोन दिवस लागतातच, मॅडम. ते आमच्या हातात नाही.” मुलीने काही तरी चांगलं सांगायचं म्हणून सांगितलं, “पण काळजी करू नका. तुमच्या खात्यावर आता कुठलीच जोखीम उरलेली नाही.”

नोलाने तिचे आभार मानले आणि फोन ठेवला. कालगुर्ली या खाणीच्या गावातल्या शाळेच्या कॅन्टीनमध्ये तिने सारा जन्म मुलांना जेवण वाढलं होतं. समोरच्याचा दोष नसेल तर त्याच्यावर ओरडायचं नाही, एवढं तिला तिथेच कळलं होतं. मग तिने डेस पॅस्कोला फोन लावला. तिथे ओरडायला हरकत नव्हती.

डेस दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. बोल्स क्लबाचा खजिनदार, निवृत्त बँकवाला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मंगळवारी हिरवळीवर गोळे घरंगळवून झाले की बीट घातलेलं सँडविच खाता खाता तो बायकांना शेअरबाजार शिकवायचा. बायका सँडविचसाठी थांबायच्या. नोलाने मात्र ऐकलं होतं.

“शेअर कपाटात ठेवून अंडी घालणारेत का?” असं तो म्हणाला होता. “भाड्याने दे. समोरचा तुला आज पैसे देतो. कशाचे? तर तुझे शेअर ठरलेल्या भावाला घ्यायच्या हक्काचे. मुदतीत भाव तिथवर चढलाच नाही, तर त्याचा हक्क मेला, भाडं तुझं. चढला तर शेअर जातील, पण चांगल्या भावाला जातील. यात मरण कुठेय, सांग.”

नोलाने दिले, पण सगळे नाहीत. ती तीनशे शेअर भाड्याने द्यायची आणि शंभर बाजूला ठेवायची. दर वेळी मुदत संपायची आणि शेअर तिचेच राहायचे. त्या पैशांत वीजबिल निघायचं, एकदा नवं धुण्याचं यंत्र आलं. या खेपेला डेसने तिच्या खांद्यावरून पडद्यात डोकावून म्हटलं, “हे शंभर काय लोणचं घालायला ठेवलेत? घाल की तेही.” पर्थमधल्या मोटेलने भाडं वाढवलं होतं. तिने घातले.

तो आला तो मागच्या दारानेच, हातात टोपी घेऊन.

“नोल, हे बघ, आधी ऐकून घे—”

“तूच सांगितलंस, मुदत संपायला अजून दोन आठवडे आहेत म्हणून.”

“आहेतच की! भाव थोडा वर गेला होता, मान्य. पण मुदतीआधी कोण उचलतो? मूर्ख उचलतो.”

“मग शुक्रवारी कुठला मूर्ख जागा झाला?”

डेसने तिच्याच खुर्चीत बसून तिच्याच लॅपटॉपवर दोन-तीन पानं उलटली आणि त्याच्या मानेवर लाली चढली. “लाभांश,” तो म्हणाला. “आजपासून जो शेअर घेईल त्याला लाभांश नाही. शुक्रवारी ज्याच्याकडे होते त्याला, करसवलतीसकट. म्हणून त्याने शुक्रवारीच ओढले. दर वेळी मी लाभांशाची तारीख बघतो, नोल. या वेळी त्यांनी जादाचा एक काढला, मधेच. तो माझ्या नजरेतून—”

“निसटला.”

“निसटला. पण आकड्यात बघ. तू हरलेली नाहीस. कागदावर—”

“डेस, चहा घे आणि गप्प बस.”

त्याने कप जवळ ओढला. बाहेर खाणीचा ट्रक गेला आणि खिडकीची काच थरथरली. मग डेस हळूच म्हणाला, “या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी विचार. प्रश्न कुठे पळून जातोय?”

“अध्यक्ष पळून जातोय,” नोला म्हणाली. “त्याची ही शेवटची सभा.”

हे शेअर नोलाने विकत घेतले नव्हते. ते ट्रॉयचे, तिच्या मुलाचे. खाणीत पंप दुरुस्त करायचा तो. पगारातून त्याच कंपनीचे थोडे थोडे शेअर घेत चारशेपर्यंत पोचला होता. चार वर्षांपूर्वी जमिनीखाली एका बंद पंपात त्याचे दोन्ही हात असताना पंप सुरू झाला आणि तो तिथेच गेला. त्याचं कुलूप खटक्यावर नव्हतं. ते नंतर पायऱ्यांवर सापडलं, किल्ली ट्रॉयच्या खिशातच होती, आणि कुलूप कापलेलं होतं.

कंपनीने फुलं पाठवली. सरकारी चौकशी सुरू झाली आणि सुरूच राहिली. वकील कंपनीशी बोलले, कंपनी वकिलांशी बोलली. आईशी बोलायला कोणी बांधील नव्हतं. पण भागधारकाच्या प्रश्नाला सभेत अध्यक्षाला तोंड द्यावं लागतं, हे नोलाला बँकेच्या रांगेत कोणीतरी सांगितलं. तेव्हापासून ते चारशे शेअर तिच्या लेखी पैसे नव्हतेच. ती दर वर्षी पर्थला जायची, पिवळं कार्ड वर करायची आणि एकच प्रश्न विचारायची: माझ्या मुलाचं कुलूप कोणी कापलं?

पहिल्या वर्षी अध्यक्षांनी शोक व्यक्त केला. दुसऱ्या वर्षी चौकशीकडे बोट दाखवलं. गेल्या वर्षी सभागृहात कोणीतरी “उत्तर द्या की!” म्हणून ओरडलं. तेव्हा अध्यक्ष म्हणाले, “मिसेस ट्रेलोर, पुढच्या सभेपर्यंत चौकशी संपलेली असेल. याच ठिकाणी विचारा. मी नाव सांगेन. माझा शब्द.” त्यांनी छातीवर हात ठेवला होता. चौकशी मे महिन्यात संपली, अहवाल कंपनीकडे गेला, आईकडे आला नाही.

सोमवारी दुपारी तिने परत शंभर शेअर घेतले. जास्त भावाने. डेसने मान हलवली.

*

गुरुवारी हॉटेलच्या दालनात यादी घेऊन बसलेली बाई मनापासून शोधत होती. “ट्रेलोर… टी, आर… नाही हो, दिसत नाही. स्पेलिंग सांगता?”

नोलाने सांगितलं.

“तुमचे शेअर आहेत ना?”

“कालपासून आहेत. हे बघा.” तिने फोन पुढे केला.

“कालपासून,” बाई म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला. “अहो, यादी मंगळवारची आहे.”

“मंगळवारच्या आधी चार वर्षं होते.”

“मधला मंगळवारच नेमका…” बाईने आवाज खाली आणला. “मी लाल देते तुम्हाला. आत बसता येईल. चहा-सँडविच आहे.”

नोलाने लाल कार्ड घेतलं. तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक गलेलठ्ठ गृहस्थ पिवळ्या कार्डाने वारा घेत बसले होते. नोलाने त्यांना सगळं सांगितलं, एका दमात, आणि म्हणाली, “एवढा एकच प्रश्न माझ्यासाठी विचाराल?”

“अरेरे,” ते म्हणाले. खरंच वाईट वाटलं त्यांना. “पण एकाला एकच प्रश्न देतात हो. आणि जादाच्या लाभांशाबद्दल मला विचारायचंय. पुढच्या वर्षी पण देणार का म्हणून. तुम्हाला मिळाला का तो?”

“नाही,” नोला म्हणाली.

“अरेरे,” ते पुन्हा म्हणाले.

हिशेब मंजूर झाले. नवे संचालक उभे राहून हसले. जोखीम कशी काबूत ठेवली याचे तक्ते पडद्यावर सरकले, सगळे हिरवे. मग अध्यक्षांनी चष्मा चढवला आणि म्हणाले, “गेल्या वर्षी एका आईला मी या व्यासपीठावरून शब्द दिला होता. त्या आल्या असतील, तर त्यांनी प्रश्न विचारावा.”

नोला उभी राहिली. माइकवाली मुलगी लगबगीने तिच्यापर्यंत आली, हातातल्या कार्डाचा रंग बघून थबकली आणि “सॉरी” असं नुसतं ओठांनी म्हणाली. माइक तिने छातीशी धरला.

कॅन्टीनमध्ये नोलाला कधी माइक लागला नव्हता. “माझ्या मुलाचं कुलूप कोणी कापलं?” ती म्हणाली आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

व्यासपीठावर कंपनीचे वकील अध्यक्षांच्या कानाशी वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

“मॅडम,” अध्यक्ष म्हणाले, “आजच्या सभेच्या यादीवर आपण भागधारक आहात का?”

“यादीवर नाही. माझे शेअर आहेत.”

“यादीवर नाही.” त्यांनी चष्मा काढला. तो काढताना त्यांचे खांदे खाली आले, ओझं उतरल्यावर येतात तसे. “मग मला फार खेद आहे. तो शब्द मी एका भागधारकाला दिला होता. आजच्या यादीतल्या कोणाला प्रश्न आहे?”

शेजारच्या गृहस्थांनी कार्ड वर केलं. मग ते खाली घेतलं. नोलाकडे पाहिलं, पुन्हा वर केलं. माइक नोलाच्या पोटासमोरून त्यांच्याकडे गेला.

“जादाचा लाभांश,” ते घसा साफ करून म्हणाले, “पुढच्या वर्षीही…”

त्याचं उत्तर लांबलचक मिळालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मतदान झालं. अध्यक्षांच्या निरोपाचा ठराव आला आणि सभागृहभर पिवळी कार्डं वर झाली. मागून कोणीतरी म्हणालं, “बाई, बसा ना, दिसत नाही.” नोला बसली नाही. लाल कार्ड तिने वर केलं नाही आणि खालीही टाकलं नाही. व्यासपीठ रिकामं झालं, वाढपी खुर्च्या एकात एक रचत तिच्या रांगेपर्यंत आले, आणि तिच्या मागची खुर्ची न काढता पुढे गेले.

ट्रॉयने पहिले दहा शेअर घेतले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, आणि नोला त्याला म्हणाली होती, त्यापेक्षा तो पुढचा तुटका दात बसवून घे.