पकडीचं नाव

बन्सीधर मिस्त्रीनं यंत्रातून डोकं न काढताच मागं हात पसरला.

“छबू दे.”

त्याच्या हाताखालच्या लिंबाजीनं पेटीतली पक्कड काढून त्याच्या तळव्यावर ठेवली. जवळचे गडी गालात हसले. लिंबाजीनं पेटीचं झाकण धाडकन आपटलं.

सेलूच्या त्या कापसातली सरकी काढायच्या जिनात अवजारांना अशी नावं पडायचीच. मोठा हातोडा म्हणजे फौजदार, किडकिडीत पेचकस म्हणजे पंतोजी. ही पक्कड हैदराबादेहून नवी आली, तेव्हा मिस्त्रीनं ती सगळ्यांना उघडून दाखवली होती. तिच्या सांध्यात खिळ्याला दोन घरं होती. खिळा एका घरातून दुसऱ्या घरात सरकवला, की जबडा रुंद व्हायचा आणि बोल्टाची मोठी चाकीही त्यात मावायची. ही तर दोन घरं केलेली बाई, असं म्हणून मिस्त्रीनं लिंबाजीकडं बघितलं आणि नाव ठेवून दिलं.

छबूबाई लिंबाजीची बायको. वालूरचा पहिला नवरा पटकीनं गेल्यावर तिनं लिंबाजीशी पाट लावला होता. त्याच जिनात, पलीकडच्या ओट्यावर, ती कापूस निवडायची.

लिंबाजी संतापानं आतल्या आत जळायचा. मिस्त्रीचं डोकं त्यानं मनातल्या मनात कितीदा फोडलं होतं. पण राग निघायचा तो घरी. भाकरी करपली म्हणून ताट सरकवायचा, छबूबाईनं काय झालं विचारलं की तिच्याच अंगावर जायचा. ते नाव तिच्या कानावर गेलं नसावं, असं तो धरून चालला होता.

एक दिवस दुपारी पट्टा निसटला, यंत्र थांबलं, आणि मिस्त्री घाईत मोठ्यानं ओरडला,

“अरे, छबू कुठंय?”

ओट्यावरनं छबूबाई उठली. पदर खोचून, सगळं आवार ओलांडून ती मिस्त्रीसमोर येऊन उभी राहिली.

“बोलवलंत?”

तुला नाही, पकडीला म्हणालो, असं मिस्त्री हसत म्हणाला. बाकी कुणी हसलं नाही.

“नाव तर माझं हाय. काय काम हाय, सांगा.”

त्यानं तिला हाकलून दिलं. ती गेली. थोड्या वेळानं सवयीनं त्याच्या तोंडून तेच नाव गेलं, तर ती परत आली आणि त्याच जागी उभी राहिली. ओट्यावरच्या बायांचे हात थांबले. कापूस तोलायच्या काट्याजवळून मुकादम खेकसला, की निवडणी का थांबली? छबूबाईनं मिस्त्रीकडं बोट केलं.

“ह्ये बोलवायलेत मला.”

मुकादमानं सगळ्यांदेखत मिस्त्रीला झापलं.

दिवस कलताना एक चाकी अडकली. मिस्त्रीनं तोंड उघडलं, ओट्याकडं बघितलं आणि मिटलं. मुकाट्यानं हात पुढं केला. लिंबाजीनं त्यावर पक्कड ठेवली.

घरी जाताना रुळाच्या कडेनं छबूबाई पुढं चालत होती. लिंबाजीची छाती फुगली होती. मिस्त्रीची आज लय जिरवलीस, असं तो म्हणाला.

तिनं मागं वळून बघितलं नाही.

“त्यो परका माणूस. त्यो मागायचा,” ती म्हणाली. “देत तर तुमीच होता.”

लिंबाजीचे पाय जागीच थांबले. ती मात्र चालत राहिली.