विटेचा वीट

छगन गवंड्याला त्या बाईची शिसारी आली ती पयल्याच दिवशी. काष्टीच्या अलीकडं आमची वाडी. तिथं बायांच्या दूध गटाला दूध ठिवायला एक थंडगार खोली पायजे हुती, आन ती बांधायला बाई आली कुठनं, तर मेक्सिकोवरनं. इंजिनेराच्या वरची, आर्किटेक्ट. नाव लिव्हताना एक्स काढायचा आन म्हनायचं हिमेना. वाडीनं तिची हेमाबाई करून टाकली.

बाई पंचेचाळिशीची, आडव्या हाडाची. पँट खोचून परांचीवर चढायची. चिखल पायानं तुडवायची आन बोटाला लावून जिभंवर ठिवायची, मातीत खार किती ते बघायला. तिच्या हाताखाली कामाला लागलेला छगन दुसरीकडं तोंड करून थुकला. तीस वर्सं थापी धरलेला गडी, त्याला आता बाईमानूस शिकवनार. वर ती म्हनाली, छताला सेंटरिंग लागनार न्हाई, खालनं एकबी टेकू न्हाई, विटा आपल्या आपन बसत्यात. छगनच्या घरामागं सेंटरिंगच्या प्लेटा भाड्यानं द्यायला रचून ठिवल्या हुत्या. त्यांच्याकडं बघून तर त्याचं डोकंच फिरलं.

त्याच आठवड्यात सरपंच आबासाहेबानं त्याला चहाच्या टपरीवर बोलावलं. संगं तालुक्याचा इंजिनेर हुता. आबासाहेबाला त्या जागंवर गाळे काढायचे हुते, हे शेंबड्या पोरालाबी ठावं. इंजिनेरानं कागद फुडं सारला आन म्हनला, बांधकामाचा पंचनामा हाय, पंच म्हनून सही टाका. कागद कोराच हुता. आपल्याकडं पंचनामा असाच व्हतो, सही आदी आन मजकूर मागनं. शिवाय गावातली घरकुलाची समदी कामं आबासाहेबाच्या हातनं छगनला मिळायची. त्यानं सही ठोकली आन खाली तारीख टाकली, चार.

"मातीचा ढिगारा हाय सायब," तो म्हनला. "मला तर त्या विटांचा वीट आलाय."

समदी खदाखदा हसली. छगनबी हसला.

मंग आठ दिवसांनी छत सुरू झालं. बाईनं चिखल फासून मागच्या भिंतीला पातळ वीट तिरकी लावली, तळव्यानं दाबली, तीन मोजले आन हात काढला. वीट तशीच ऱ्हायली. तिच्या शेजारी दुसरी, तिसरी, आशी एक कमान झाली, आन तिला रेलून दुसरी कमान. बाजारात पोती कशी एकमेकाला रेलून हुबी ऱ्हात्यात, तसं. छगन खाली हुबा ऱ्हाऊन कधी पडतंय त्याची वाट बघत हुता. दोन दिस बघितली. तिसऱ्या दिशी न ऱ्हावून वर चढला. त्याची पयली वीट त्याच्याच पायावर पडली. बाई हसली, त्याचं मनगट धरलं आन दाबायचं कसं ते दावलं. तिचा तळवा त्याच्यासारखाच, भाकरीच्या करपल्या पापुद्र्यागत खरबरीत.

दुपारी गटातल्या बायांच्या डब्यातली भाकर खाताना ती बोलायची आन गटातली शिकलेली पोरगी धनश्री मराठीत सांगायची. बाईचा बापबी गवंडी. हिच्या भावांना कामावर न्यायचा, आन हिनं निस्ता डबा पोचवायचा. ही डबा देऊन सांजपातूर तिथंच बघत बसायची. फुडं सोताच्या कमाईवर कॉलेज केलं. पयल्या हापिसात तिच्याकडनं कॉफी करून घ्यायचे आन तिचे नकाशे सायबाच्या नावानं जायचे. तिनं हापिस सोडलं. मंग तिकडं भूकंप झाला. ही गावोगाव बायांत जाऊन बसली, तुजी चूल कुठं पायजे, इचारलं, आन त्यांच्याच मातीनं घरं हुबी केली. तिथंबी एका गवंड्यानं लिव्हून दिलं, हिच्या भिंती कच्च्या हायेत. त्या कागदावर आख्खी आळी मशीन लावून पाडली. बायांना भांडीसुदीक काडू दिली न्हाईत.

बाई सांगत हुती आन भाकर मोडत हुती. छगननं मातुर हातातला घास परत फडक्यावर ठिवला. त्याला आपली सही आठवली. बोलावं, तर घरकुलाची कामं गेली. गप बसावं, तर हे छत गेलं. तो गप बसला. म्हनला, कागद कुठंतरी फायलीत कुजंल.

कुजला न्हाई. पंधरा दिवसांनी गरामसभेत इंजिनेरानं तो वाचला. "दिनांक चार रोजी पंचांसमक्ष पाहणी केली असता छतास तीन ठिकाणी भेगा आढळल्या. इमारत धोकादायक असून पाडण्यात यावी." खाली पंचाचं नाव वाचलं, छगन. बाईला त्यातलं येवढं एकच कळलं. वळकीचं नाव ऐकून ती त्याच्याकडं बघून हसली.

ते हसनं छगनला बघवंना. तो हुबा ऱ्हायला.

"सायब, तारीख पुन्यांदा वाचा."

"चार."

"चारला छत हुतं कुठं? पयली वीट बाराला बसली, आन त्यातल्या निम्म्या विटा ह्या हातानं बशिवल्यात. म्या कोऱ्या कागदावर सही केलती."

आबासाहेब आवाज न चढवता म्हनला, "छगन, खाली बस. घरकुलाची यादी अजून माज्याच खिशात हाय."

"ऱ्हाऊ द्या खिशात," छगन म्हनला.

दूध गटाची म्होरकी गोजरबाई उठली. ती आबासाहेबाला न्हाई, छगनला बोलली. "महिनाभर आमच्या डब्यातलं कालवन वरपलंस रं, आन आमच्याच छताला बिनछताची भेग पाडलीस?"

सभा हसली. इंजिनेरानं कागदाची घडी घातली, आन तो इषय तिथंच बारगळला. छगनला कोनी शाबास म्हनलं न्हाई. म्हनलं आसतं तर त्याला वकारीच आली आसती.

दुसऱ्या दिशी सकाळी तो कामावर गेला. धनश्रीनं बाईला समदं सांगितलेलं. बाई परांचीवर हुती. तिनं नासक्या दुधाकडं बघावं तसं त्याच्याकडं बघितलं आन कायतरी इचारलं.

धनश्री म्हनाली, "मामा, त्या इचारत्यात, सही करायच्या आदी छत बघितलं आसतं, तर काय लिव्हलं आसतं?"

खोटं बोलायला छगनची जीभच आता उचलंना.

"तेच लिव्हलं आसतं. बाईचं हाय म्हनून."

धनश्री घुटमळली.

"सांग पोरी. हाय तसं सांग."

तिनं सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं, हातातली वीट लावली, दाबली, तीन मोजले. मंग परांचीच्या फळीवर जरा बाजूला सरकली, एक मानूस बसंल येवढीच. हसली न्हाई.

छगन वर चढला.