दहावा माणूस

इनॉकने तडा गेलेल्या दगडावर लाल रेघ ओढली आणि पुन्हा पुसली. फ्रान्समधल्या रूआँ शहरातलं एक जुनं चर्च दुरुस्तीला काढलं होतं आणि त्याच्या भिंतींचे नकाशे खारघरच्या ऑफिसात, फोटोंवरून, एकेक दगड मोजून काढले जात होते. तिथल्या लोकांची ताकीद होती, तडा दिसला की लगेच ‘बदला’ म्हणू नका. शेजारच्या दगडांनी त्याला धरलंय का, ते आधी बघा. तीन आठवडे हेच बघून इनॉकचा जीव मेटाकुटीला आला होता. त्या परक्या भिंती त्याला तोंडपाठ होत्या. पनवेलच्या आपल्या सिनेगॉगला खिडक्या किती, ते मात्र विचारू नका.

तेवढ्यात सिप्पोरामावशीचा फोन आला. तिच्या नवऱ्याला जाऊन आज वर्ष झालं. मुलाने, ओरेनने, बापासाठी कद्दिशची प्रार्थना म्हणायची तर दहा पुरुष हवेत आणि जमले होते नऊ. पुढच्या आठवड्यात मायलेक कायमचे इस्रायलला निघणार होते, तेव्हा इथे हे पुन्हा व्हायचं नव्हतं.

“दहावा तू,” एवढंच ती म्हणाली.

साहेबांची बोलणी खाऊन इनॉक निघाला. सिनेगॉगमध्ये पोचला, डोक्यावर टोपी घातली आणि मागच्या बाकावर टेकला. शेजारी चौऱ्याऐंशी वर्षांचे इलानकाका होते. प्रार्थना सुरू झाली की काका पेंगणार, हे ठरलेलं. आज पहिल्या दोन ओळी इनॉकच्या कानावर पडल्या, पुढचं त्याला काही आठवेना.

जाग आली तेव्हा प्रार्थनेची पुस्तकं कपाटात परत चालली होती. कद्दिश होऊन गेली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी समोर येऊन उभी राहिली.

“मला उठवायचं तरी, मावशी.”

“कशाला? एखादा झोपला तरी दहात धरतात. तसा नियमच आहे.”

त्याचा जीव भांड्यात पडला.

“पण एकच हं,” मावशी म्हणाली. “दुसरा नाही चालत. काका शेवटपर्यंत उभे होते. बसा म्हटलं, तर ऐकेनात.”

इलानकाका आता कुठे बसले होते आणि बसल्या बसल्या घोरत होते. मनगटावर त्यांनी स्वतःलाच काढलेल्या चिमट्यांचे लाल वळ होते.

खिशात ऑफिसचा फोन थरथरत होता. इनॉकने तो बंद केला आणि काकांचं डोकं कलत होतं त्या बाजूला आपला खांदा सरकवला.